नव्वद सेकंदांची खिडकी

३० नोव्हेंबर २००२ रोजी साप्पोरोतल्या 'पेनी लेन २४' या छोट्या सभागृहात 'नंबर गर्ल' या बँडने शेवटचा कार्यक्रम केला आणि गाशा गुंडाळला. फुकुओकाहून आलेला हा बँड फारसा खपणारा नव्हता. पण त्याची पत्र्यावर ओरखडा काढावा तशी गिटार आणि चष्मा लावलेला, कारकुनासारखा दिसणारा, जपानीत आरोळ्या ठोकणारा गायक पाहून अनेक कॉलेजांतली पोरं पेटली होती. त्या कार्यक्रमाच्या पाचच दिवस आधी, २५ नोव्हेंबरला, 'अंडर फ्लॉवर' नावाच्या लहानशा कंपनीने योकोहामाकडच्या एका बँडची सहा गाण्यांची सीडी बाजारात आणली. तिचं नाव 'होकाई अँप्लिफाय'. या बँडचाही गायक चष्मेवालाच होता, आणि नंबर गर्लचा कट्टर चाहता. पुढच्या वर्षी त्याने 'एन. जी. एस.' नावाचं गाणं केलं. त्या आद्याक्षरांचा अर्थ 'नंबर गर्ल सिंड्रोम'.

योकोहामाच्या दक्षिण टोकाला, कानाझावा-हाक्केई भागात कान्तो गाकुइन विद्यापीठ आहे. तिथल्या संगीत मंडळात १९९६ साली तो चष्मेवाला गायक मासाफुमी गोतो, केन्सुके किता आणि ताकाहिरो यामादा एकत्र आले. त्याच मंडळातला दुसरा एक बँड सोडून कियोशी इजिची ड्रम वाजवायला आला. चौघांचे जन्म १९७६-७७ चे. बँडचं नाव ठेवलं 'एशियन कुंग-फू जनरेशन'. लोकांनी त्याचं 'आजिकान' करून टाकलं.

ही पोरं कोणत्या काळात पदवीधर होत होती हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांची गाणी नीट कळत नाहीत. १९९१ च्या सुमारास जमिनी आणि शेअर यांच्या फुगलेल्या किमती कोसळल्या आणि जपानची घोडदौड थांबली. तिथल्या मोठ्या कंपन्या दर एप्रिलला नुकत्याच पदवीधर झालेल्यांची एकगठ्ठा भरती करत. त्या वर्षी गाडी चुकली की नंतर चढणं अवघड. १९९३ पासून पुढची दहा-बारा वर्षं ही भरती आटली. जपानी लोक या काळाला 'नोकऱ्यांचं हिमयुग' म्हणतात, आणि त्यात सापडलेल्यांना 'हरवलेली पिढी'. बापाने एकाच कंपनीत तीस वर्षं काढली, मुलगा मात्र सहा-सहा महिन्यांच्या करारांवर. आजिकानचे चौघे त्यातल्या त्यात सुदैवी. शिक्षण संपल्यावर ते नोकऱ्या करत होते आणि उरलेल्या वेळात बँड चालवत होते.

बँड चालवणं म्हणजे खिशाला भोक. जपानच्या लहान सभागृहांना 'लाइव्ह हाऊस' म्हणतात. तिथे नवख्या बँडला मानधन मिळायचं दूरच, उलट 'नोरुमा' असतो. म्हणजे अमुक तिकिटं तुम्ही खपवायची, आणि खपली नाहीत तर तेवढे पैसे स्वतः भरायचे. मग पहिल्या रांगेत मित्र, दुसऱ्या रांगेत ऑफिसातले सहकारी, आणि तिसरी रांग नसतेच.

सुरुवातीला गोतो इंग्रजीत लिहायचा. ओएसिस, वीझर हे बँड त्याचे गुरू, तेव्हा त्यांच्याच भाषेत गाणं साहजिक होतं. रॉक जपानीत शोभतं का, हा वाद तिथे १९७० च्या आसपास 'हाप्पी एन्दो' बँडने जपानीत गाऊन पेटवला होता. तीस वर्षांनंतरही होतकरू बँड इंग्रजीच्या आडोशाला जात होते. आडोसाच म्हणायचा, कारण आपण काय म्हणतोय ते समोरच्याला कळू नये, अशी सोय त्यात असते. गोतोने हळूहळू ती सोय सोडली. 'होकाई अँप्लिफाय'पर्यंत तो जपानीत आला होता, आणि त्याच्या गाण्यांची तऱ्हा ठरून गेली होती. कडव्यात शब्द घाईघाईने, जवळजवळ पुटपुटत जातात. मग दोन्ही गिटारी एकदम उसळतात आणि गायक लांबलचक स्वरांवर घसा मोकळा सोडतो. जपानी वादकांच्या बोलीत गाण्याच्या भागांना ए-मेलो, बी-मेलो आणि साबी म्हणतात. साबी म्हणजे ध्रुवपद. आजिकानची साबी ऐकताना गायकाने इतका वेळ श्वास कोंडून धरला होता की काय, असं वाटतं.

२३ एप्रिल २००३ रोजी सोनी समूहातल्या 'किऊन' कंपनीने हीच सीडी पुन्हा काढली, आणि त्याच महिन्यात तिच्यातलं पहिलं गाणं 'हारुका कानाता' घराघरांत पोचलं. टीव्ही टोकियोवर 'नारुतो' ही कार्टून मालिका आदल्या ऑक्टोबरपासून चालू होती. गावाने वाळीत टाकलेल्या, उपद्व्यापी, अनाथ निंजा मुलाची ही गोष्ट. सव्विसाव्या भागापासून तिच्या सुरुवातीला हे गाणं वाजू लागलं.

इथे थोडं थांबून ही नव्वद सेकंदांची व्यवस्था समजून घ्यायला हवी. जपानी मालिकेच्या आरंभी गाण्याला सुमारे दीड मिनिट मिळतं. पूर्वी त्या वेळात नायकाच्या नावाचा गजर चाले. १९७२ च्या 'माझिंगर झेड'चं शीर्षकगीत त्या प्रकारचा अर्क आहे. पुढे १९८७ मध्ये 'सिटी हंटर' मालिकेच्या शेवटी 'टी. एम. नेटवर्क'चं 'गेट वाइल्ड' वाजलं. त्यात नायकाचं नाव नव्हतं, तरी ते तुफान चाललं. गाणं मालिकेचं नसलं तरी बिघडत नाही, उलट सीडी खपते, हे कंपन्यांना कळलं. नव्वदच्या दशकात दूरदर्शन नाट्यमालिका आणि जाहिराती यांनी हाच धंदा केला. १९९८ मध्ये जपानच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाने ६०० अब्ज येनच्या पुढे मजल मारली. ते शिखर ठरलं. पुढच्या बारा वर्षांत आकडा निम्म्याहून खाली आला. पडत्या बाजारात नव्या बँडसाठी रेडिओ कोण लावणार, आणि दुकानात तीन हजार येन टाकून अनोळखी सीडी कोण उचलणार? लहान मुलांच्या मालिकेची दीड मिनिटांची खिडकी मात्र दर आठवड्याला न चुकता उघडत होती. सोनी समूहात गाण्यांची 'किऊन' आणि कार्टूनपटांची 'अॅनिप्लेक्स' अशा बहिणी एकाच छपराखाली नांदत होत्या, त्यामुळे सोयरीक घरातल्या घरातच जमे.

'हारुका कानाता' नारुतोसाठी लिहिलेलं नव्हतं. मालिकेत येण्याच्या चार महिने आधीच ते सीडीवर होतं, आणि त्यात निंजांचा मागमूस नाही. यामादाचा बास एकटाच धावत सुटतो, मागून ड्रम, मग गिटारी. पोचायचं फार लांब आहे आणि धाप लागली आहे, एवढाच काय तो त्याचा भाव. नोकरीवरून सुटून रात्री तालीम करणाऱ्या पंचविशीतल्या तरुणांनी केलेलं हे गाणं दहा वर्षांच्या मुलांनी आपलं मानलं. मालिका परदेशांत गेली तसं गाणंही गेलं. आपल्याकडच्या ज्या पोरांनी नारुतो मूळ जपानी आवाजात पाहिलं, त्यांतल्या अनेकांच्या कानांवर पडलेलं पहिलं जपानी रॉक हेच असेल. दक्षिण अमेरिकेत तर बँडला २०१५ मध्ये दौरा काढावा लागला.

खरा धमाका २००४ चा. हिरोमु अराकावा यांच्या कथेवरची 'फुलमेटल अल्केमिस्ट' मालिका तेव्हा अखेरच्या टप्प्यात होती. मेलेल्या आईला परत आणण्याच्या खटाटोपात स्वतःची शरीरं गमावून बसलेल्या दोन भावांची ती कहाणी. तिच्या चौथ्या आणि शेवटच्या शीर्षकगीताची जागा 'रीराइट'ला मिळाली. ४ ऑगस्टला सिंगल आलं, २० ऑक्टोबरला 'सोल-फा' हा अल्बम आला आणि ओरिकॉनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. दोन वर्षांपूर्वी जे मित्रांना तिकिटं विकत होते, त्यांच्यासाठी आता सभागृहं अपुरी पडू लागली.

'रीराइट' हे खोडून पुन्हा लिहिण्याचं गाणं. त्यातला राग कुणा शत्रूवर नाही, स्वतःच्याच सपक कल्पनाशक्तीवर आहे. साबीत एकच क्रियापद ठोकून ठोकून येतं आणि ऐकणाऱ्याला ते ओरडण्यावाचून गत्यंतर नसतं. इतकं थेट गाणं बँडच्या अंगाशी येणारच. जिथे जावं तिथे लोक त्याचीच वाट पाहत उभे. काही दौऱ्यांत आजिकानने त्यावर मजेशीर तोड काढली. गाणं ऐन भरात असताना मध्येच लय अर्ध्यावर आणायची, जमैकन धाटणीचा संथ, प्रतिध्वनींचा पट्टा चालवायचा, प्रेक्षकांना तिथे तिष्ठत ठेवायचं, आणि मग पुन्हा सुटायचं. माझ्या मते त्या गाण्याचं खरं रूप तेच. मूळ मुद्रण त्यापुढे जरा एकसुरी वाटतं.

यशानंतर बँडने सोपा मार्ग घेतला नाही, हे २००६ च्या 'फॅनक्लब' अल्बमवरून कळतं. नाव फसवं आहे. आत काळोख आहे, लयी अडखळत्या आहेत, आणि सोबत ओरडता येईल असं फार थोडं. विक्रीच्या हिशेबाने तो 'सोल-फा'च्या मागे पडला, पण आजिकानला वाद्यवृंद म्हणून ऐकायचं असेल तर मी आधी तोच हाती देईन. त्या वर्षाअखेरीस 'तेक्कोनकिन्क्रीत' या चित्रपटाला त्यांनी गाणं दिलं आणि २००७ मध्ये 'ब्लीच' मालिकेला 'आफ्टर डार्क'. खिडकी उघडीच होती.

तिचा फायदा त्यांनी दुसऱ्यांनाही करून दिला. २००३ पासून 'नानो-मुगेन' नावाचा स्वतःचा महोत्सव चालवून ते आपल्या आवडीचे परदेशी बँड योकोहामात बोलावू लागले. दुकानातून सीडी विकत आणून ज्यांच्या चाली गिरवल्या, त्यांनाच आपल्या मंचावर उभं करायचं. वेल्सचा 'मॅनिक स्ट्रीट प्रीचर्स' आला. खुद्द वीझर आला. पुढे २०१८ च्या 'होमटाउन' अल्बममधली दोन गाणी वीझरच्या रिव्हर्स कुओमोने गोतोबरोबर मिळून रचली.

पण मला रेंगाळायचंय ते २००८ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये 'वर्ल्ड वर्ल्ड वर्ल्ड' हा मोठा, नेटका अल्बम झाला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या अगदी उलट असा 'सर्फ बुंगाकु कामाकुरा'. फुजिसावा ते कामाकुरा अशी एक चिमुकली रेल्वे आहे, एनोदेन. दहा किलोमीटर, पंधरा स्थानकं. गाडी घरांच्या परसांमधून जाते, कोशिगोएला चक्क रस्त्यावर उतरते आणि मोटारींच्या मधून चालते, मग समुद्र येतो. एकीकडे लाटांवर फळ्या घेऊन झेपावणारी पोरं, दुसरीकडे कावाबातांसारखे लेखक जिथे राहिले ते जुनं कामाकुरा. आजिकानने या मार्गावरची दहा स्थानकं घेतली आणि एकेका स्थानकावर एकेक गाणं केलं, रुळांच्या क्रमाने. बहुतेक गाणी सगळ्यांनी एकत्र बसून, एका दमात वाजवलेली.

सुरुवातीचं 'फुजिसावा लूझर' शहराकडे कामाला निघालेल्या माणसाचं. शेवटचं गाणं कामाकुराला निरोप देतं. मधल्या 'एनोशिमा एस्कार'मागे एक गमतीदार वस्तू आहे. एनोशिमा बेटाच्या टेकडीवर १९५९ पासून पैसे भरून चढायचा सरकता जिना आहे, तो फक्त वर जातो. उतरायचं ते आपल्या पायांनी. 'इनामुरागासाकी जेन' हे नाव केइसुके कुवाता यांच्या १९९० च्या 'इनामुरा जेन' चित्रपटाची आठवण जागवतं. गंमत म्हणजे या मार्गावरचं सर्वांत जास्त छायाचित्रं निघणारं ठिकाण, कामाकुरा-कोको-माए स्थानकाजवळचं 'स्लॅम डंक' मालिकेमुळे प्रसिद्ध झालेलं रेल्वे फाटक, या यादीतून वगळलेलं होतं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत एक सिंगल आलं होतं, 'कोरोगारु इवा, किमी नि आसा गा फुरु'. घरंगळत जाणारा दगड, आणि तुझ्यावर उतरणारी सकाळ. त्याला कोणत्याही कार्टून मालिकेची खिडकी लाभली नाही. 'रीराइट'सारखा त्याचा गाजावाजा झाला नाही. जग बदलून टाकण्याची इच्छा बाळगणारा आणि रोजची साधी कामंही न जमणारा माणूस त्यात बोलतो. चाल मध्यम गतीची, आवाज कुठे चढत नाही. आजिकानचं सर्वोत्तम गाणं हेच, असं मी पैजेवर सांगेन. त्याचं भाग्य उजाडायला मात्र चौदा वर्षं लागली.

२०१० मध्ये हरवलेल्या पिढीची गोष्ट सरळच त्यांच्या वाट्याला आली. इनिओ असानो यांच्या 'सोरानिन' या चित्रकथेत नोकरीला विटलेली मेइको आणि तिचा गिटार वाजवणारा मित्र तानेदा आहेत. तो अपघातात जातो, आणि जिने कधी गिटार हाती धरली नव्हती ती मेइको त्याचं गाणं घेऊन मंचावर उभी राहते. पुस्तकात गाण्याचे शब्द छापलेले होते, चाल अर्थातच नव्हती. चित्रपट निघाला तेव्हा असानोंच्या त्या शब्दांना गोतोने चाल दिली. पडद्यावर आओइ मियाझाकीने ते गायलं, आणि आजिकानने स्वतःचं रूप सिंगल म्हणून काढलं. कागदावर वर्षानुवर्षं मुकं राहिलेलं गाणं वाचकांनी मनात आपापल्या परीने वाजवलेलं असतं. त्या सगळ्या चालींना हरवणारी चाल बांधणं हे जोखमीचं काम, आणि ते जमलं. त्याच वर्षीच्या 'मॅजिक डिस्क' अल्बममध्ये तर एका गाण्याचं नावच 'सायोनारा लॉस्ट जनरेशन' आहे.

११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामीने झोडपलं, फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्या. गोतोने त्याच वर्षी 'द फ्यूचर टाइम्स' नावाचं फुकट वाटायचं वृत्तपत्र काढलं आणि संपादकही स्वतःच झाला. २०१२ च्या जुलैत संगीतकार र्युइची साकामोतो यांनी भरवलेल्या अणुऊर्जाविरोधी 'नो न्यूक्स' मैफलीत क्राफ्टवेर्क आणि वाय. एम. ओ. यांच्यासोबत आजिकानही वाजवून आला. राजकारणावर बोलणारे गायक जपानी प्रेक्षकांना रुचत नाहीत. 'गुमान गाणी म्हण' असं सांगणारे तिथेही खंडीभर आहेत. गोतो गाणीही म्हणत राहिला आणि बोलतही राहिला.

मधल्या वर्षांची हकीकत भराभर सांगता येईल. २०१३ च्या सप्टेंबरात योकोहामाच्या स्टेडियममध्ये पदार्पणाची दहा वर्षं साजरी झाली. २०१५ चा 'वंडर फ्यूचर' 'फू फायटर्स' बँडच्या लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत मुद्रित झाला. २०१६ मध्ये अख्खा 'सोल-फा' नव्याने वाजवून काढला, आणि त्यातलं बारा वर्षांपूर्वीचं 'री:री:' नव्या रूपात एका मालिकेचं शीर्षकगीत झालं. चाळिशीतल्या माणसांचा बँड जसा चालतो, तसा तो चालला होता.

मग २०२२ च्या ऑक्टोबरात 'बोच्ची द रॉक!' सुरू झाली. आकी हामाजी यांच्या चित्रकथेवरची ही मालिका. माणसांपुढे तोंड उघडायला घाबरणारी, कपाटात बसून गिटार वाजवणारी शाळकरी मुलगी टोकियोच्या शिमोकिताझावा भागातल्या एका बँडमध्ये ओढली जाते. चार मुलींची आडनावं गोतो, किता, यामादा आणि इजिची. गिटार, गाणं, बास आणि ड्रम यांची वाटणीही बरीचशी त्याच धर्तीची. मालिकेच्या भागांची नावं आजिकानच्या गाण्यांवर बेतलेली. पहिल्या भागाच्या नावात 'घरंगळणं' आणि शेवटच्या बाराव्याच्या नावात 'तुझ्यावर उतरणारी सकाळ'. शेवटच्या भागाच्या अखेरीस नायिकेचा आवाज देणारी योशिनो आओयामा तेच 'कोरोगारु इवा' गाते. एखाद्या लाजऱ्या मुलीने पहिल्यांदा माइकपुढे उभं राहावं, तसं. या काल्पनिक बँडचा अल्बम डिसेंबरअखेर आला आणि पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं शेवटचं गाणं हेच. जे आजिकानला स्वतःच्या जोरावर फार लांब नेता आलं नव्हतं, ते कार्टूनमधल्या चार पोरींनी नेलं.

मालिकेत नोरुमाही आहे. चौघींना प्रत्येकी पाच तिकिटं खपवायची असतात, आणि जिला आईबापांपलीकडे माणूस माहीत नाही तिने ती कुणाला द्यायची, यावर एक आख्खा भाग चालतो. प्रेक्षक हसतात. ज्यांनी हे पैसे खिशातून भरले आहेत, ते जरा कमी हसत असतील.

चाहत्यांची नवी, विशीतली लाट आली तेव्हा बँड पन्नाशीकडे झुकला होता. २०२३ च्या जुलैत त्यांनी 'सर्फ बुंगाकु कामाकुरा'ची राहिलेली पाच स्थानकं भरून काढली. त्यात ते गर्दीचं फाटकही आलं, पण गाण्याला नाव दिलं ते स्थानकाच्या जुन्या 'निस्साका' या नावावरून. छायाचित्रं काढायला येणाऱ्यांना ते सहजी सापडू नये, अशी ही खोडी असावी असा माझा संशय आहे. २०२४ मध्ये 'बोच्ची'चे दोन संकलित चित्रपट निघाले, दुसऱ्याचं नाव 'री:री:'. त्याच्या शेवटी चार मुलींचा बँड तेच गाणं वाजवतो.

गोतो आता वेगळ्याच हिशेबात गुंतला आहे. २०१८ पासून तो 'अॅपल व्हिनेगर' नावाचा पुरस्कार देतो, नव्या कलाकारांच्या अल्बमला, पुढच्या कामासाठी पैशांसकट. आणि आपल्या मूळच्या शिझुओका प्रांतात, फुजिएदा गावी, एका जुन्या कोठाराचा स्टुडिओ करण्याचं काम त्याने अंगावर घेतलं. गिटार आणि गाणं आजकाल कुणीही झोपायच्या खोलीत संगणकावर मुद्रित करतं. घोडं अडतं ते ड्रमपाशी. त्याला उंच छताची खोली लागते, आणि टोकियोत तसल्या खोलीचं दिवसाचं भाडं नव्या बँडला झेपत नाही. तिथे राहायचीही सोय ठेवायची, कमी पैशांत आठवडाभर मुक्काम करून पोरांना ड्रम बडवता यावेत, असा त्याचा बेत.